पद्मिनीचे किंगपिन बुश : उजवी बाजू पूर्ण

प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या सस्पेन्शनचं काम हळूहळू पुढे सरकतंय. किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती, आणि बुश म्हणजे तिच्याभोवतीची धातूची नळी. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही बुश लेथवर (कातयंत्रावर) करून बसवले, रीमिंग (भोक बारीक कापून नेमक्या मापाला आणणं) झालं, आणि स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर बसतं तो दांडा) आता हाताच्या बोटाने एकसारखा फिरतो, कुठेही अडकत नाही. डावी बाजू उघडून ठेवली आहे.

किंगपिन झिजल्याचा रोग ओळखण्याची रीत सगळ्यांना ठाऊक असेल, पण नव्यांसाठी सांगतो. गाडी जॅकवर घ्या, चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला की दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग बघा, राहिला तर किंगपिनकडे वळा. माझा राहिला.

आता मुद्दा असा की बाजारात किंगपिनचा किट अजून मिळतो, मग लेथवर का बसायचं? कारण किटमधला बुश स्टँडर्ड मापाचा असतो आणि आपलं हाउसिंग (बुश ज्यात बसतो तो भाग) स्टँडर्ड राहिलेलं नसतं. फियाट 1100 डिलाइट म्हणून 1964 मध्ये कुर्ल्यात सुरू झालेली ही गाडी पद्मिनी या नावाने जवळजवळ शतक संपेपर्यंत बनत राहिली. म्हणजे सगळ्यात तरुण पद्मिनीसुद्धा आज पंचविशीच्या घरात आहे, आणि दरवेळी बुश ठोकून काढला, ठोकून बसवला की हाउसिंगचं भोक थोडं वाढतं. माझ्या उजव्या बाजूचं खालचं भोक बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजायच्या साधनाने) दोन दिशांना मोजलं तर एकीकडे 0.07 मिलिमीटर मोठं आणि दुसरीकडे 0.04. अशा भोकात किटमधला बुश अंगठ्याने आत जातो. पुष्कळ ठिकाणी मग बुशच्या अंगावर पंचाने टिपके मारतात किंवा चिकटद्रव्य लावून वेळ मारून नेतात. मला हे अजिबात मान्य नाही. चाक ज्या सांध्यावर वळतं तिथे बुश स्वतःच्या पकडीवरच बसला पाहिजे. म्हणून आधी हाउसिंगला हलका रीमर मारून भोक गोल केलं आणि त्या मापाचा ओव्हरसाइज बुश केला. पिन मात्र किटमधलीच वापरली. हार्डनिंग करून ग्राइंड केलेली पिन घरी करायच्या फंदात मी पडणार नाही, आणि तुम्हीही पडू नका. बॉल जॉइंट, स्टिअरिंग आर्म यांच्याबाबतही माझं हेच मत.

लेथ किर्लोस्करचा जुना एंटरप्राइज, हरिहरच्या कारखान्यातला. बेड (ज्यावरून टूल सरकतं तो पाया) चकजवळ (तुकडा पकडून फिरवणाऱ्या जबड्यांजवळ) झिजलेला आहे, तिथेच सगळ्यात जास्त काम झालंय. थ्री जॉ चकमध्ये रनआउटही (केंद्रापासून सरकून फिरणं) आहे. पण बुशसाठी या दोन्ही गोष्टी आड येत नाहीत, हेच मला या कामात फार आवडलं. बाहेरचा व्यास आणि आतलं बोअर एकाच पकडीत केलं आणि मगच पार्टिंग केलं (कापून वेगळं केलं), तर चक कितीही वाकडा असो, आतलं-बाहेरचं वर्तुळ एका केंद्रावरच येतं. आणि बुशची लांबी इतकी थोडी की बेडच्या झिजेमुळे येणारा टेपर (निमुळतेपणा) जाणवण्याआधीच बुश संपतो. तरी खात्री म्हणून आधी एका सळईवर दोन कॉलर (उंच पट्टे) ठेवून एकाच सेटिंगवर दोन्हींवरून कट घेतला आणि मोजला. आपला लेथ कुठे किती खोटं बोलतो हे कामाआधी माहीत असावं.

खरी कसोटी बाहेरच्या व्यासाची. मला पकड (बुश भोकापेक्षा जेवढा मोठा ते माप) 0.05 मिलिमीटर हवी होती आणि क्रॉस स्लाइडच्या (टूल आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडच्या) डायलवर तेवढा बारीक भरवसा ठेवता येत नाही. इथे कंपाउंड (तिच्यावरची, कोनात फिरवता येणारी छोटी स्लाइड) कामाला येतो. तो लेथच्या अक्षापासून पावणेसहा अंशांवर फिरवला की कंपाउंडचा 0.1 मिलिमीटर म्हणजे टूल आत फक्त 0.01, व्यासावर 0.02. बॅकलॅश (स्क्रूमधला ढिलेपणा) निघावा म्हणून नेहमी एकाच दिशेने पुढे जायचं. शेवटचा कट घेतल्यावर डायल न हलवता टूल पुन्हा एकदा बुशवरून न्यायचं, त्यातही थोडा बुरा निघतोच.

माल फॉस्फर ब्राँझचा. कोल्हापुरात उद्यमनगरात पंप आणि इंजिनाच्या कामामुळे ब्राँझ, गनमेटल शोधत फिरावं लागत नाही, हे इथल्या हौशी माणसाचं भाग्य. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलचा वरचा रेक (वरच्या बाजूचा उतार) शून्य ठेवला, नाहीतर ब्राँझ टूलला आत ओढतं. वेग 400 आरपीएमच्या आसपास. मोजण्याआधी जॉब (कापलेला तुकडा) गार होऊ द्या. 20 मिलिमीटर व्यासाचं ब्राँझ 30 अंशांनी तापलं की एक शतांश मिलिमीटर फुगतं, आणि इथे आपण शतांशांचाच हिशोब करतोय.

ग्रीसच्या चराचा प्रश्न होता. लेथ बंद ठेवून सगळ्यात मोठा पिच (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) लावला, बोरिंग बारला (आतून कापायच्या दांड्याला) गोल टोकाचं टूल बांधलं आणि चक हाताने फिरवत आत वळणदार चर पाडला. चर बाहेरच्या तोंडापर्यंत नेऊ नका, ग्रीस तिथूनच निसटतं. बुश दाबताना निपलचं (ग्रीस भरायच्या तोटीचं) भोक आणि बुशचं भोक समोरासमोर आलं पाहिजे, म्हणून दोन्हींवर आधी खूण करून घेतली.

बुश हातोड्याने न ठोकता लांब बोल्ट आणि जाड वॉशर लावून ओढून घेतले. पातळ भिंतीचा बुश दाबला की बाहेरची जवळजवळ सगळी पकड आतल्या बोअरमधून वजा होते. माझ्याकडे बोअर 0.04 ने आकसलं. त्यासाठी रीमिंगला 0.15 शिल्लक ठेवलं होतं. वरचं आणि खालचं बोअर एका रेषेत यावं म्हणून अ‍ॅडजस्टेबल रीमरला लेथवर एक पायलट स्लीव्ह करून घेतली. ती एका बुशमध्ये फिरते आणि रीमर दुसऱ्यात कापतो. रीमर अगदी थोडा थोडा उघडत, दरवेळी पिन घालून बघत गेलो. पिन आता तेलाच्या थराने सरकते, क्लिअरन्स (मोकळी फट) 0.03.

डाव्या बाजूचं वरचं हाउसिंग उजव्यापेक्षा बरं दिसतंय, खालचं मात्र गोल करावं लागेल. त्यानंतर थ्रस्ट वॉशर (वर-खाली भार घेणाऱ्या चकत्या). वर-खाली प्ले 0.1 च्या आत आणायचा तर वॉशरची जाडी प्रत्येक बाजूला वेगळी निघणार, म्हणून ते दोन्ही बाजू मोजून झाल्यावर एकदमच फेसिंग करेन (तोंडं सपाट कापेन). मग व्हील अलाइनमेंट.