आमची वाटचाल : बोईटाच्या आतड्यातून कोळंबीच्या तळ्यात

आम्ही कोळंबीच्या तळ्यांसाठी प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंची पुडी, बनवतो. या उद्योगाचा पहिला कच्चा माल म्हणजे खाडीत मिळालेल्या सात बोईट माशांची आतडी. रायगडच्या खारपाटातलं आमचं घर, मागची दहा बाय बाराची खोली, आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) म्हणून स्वयंपाकघरातला कुकर. बायको सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, मी आठ वर्षं कोळंबी प्रकल्पावर काढलेली.

२००९ मध्ये भारतात व्हेनामी या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली आणि आधीची टायगर कोळंबी बघता बघता मागे पडली. तळ्यात दाटी वाढली, खाद्य वाढलं, तळाला काळा गाळ साचून व्हिब्रिओ हा रोगकारक जिवाणू माजू लागला. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर बंदी. अंश सापडला तर निर्यातीचा माल परत. मग शेतकरी प्रोबायोटिकची पुडी आणतो. बाजारातल्या काही पुड्या आम्ही प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या बशीत) लावून पाहिल्या, तर एक-दोन पुड्यांत जवळपास काहीच उगवलं नाही. त्या दिवशी ठरलं, आपणच करायचं.

बोईटच का? हा मासा खाडीच्या चिखलातलं खाऊन जगतो. पावसाळ्यातलं गोडं पाणी सोसतो, उन्हाळ्यातलं खारटही. त्याच्या पोटातले जिवाणू इथल्याच पाण्याला सरावलेले असणार, असा आमचा होरा होता. आतडं निर्जंतुक खाऱ्या पाण्यात वाटून ८० अंशांवर १० मिनिटं ठेवलं. बाकीचे मेले, बीजाणू करणारे बॅसिलस तगले. खरी चाळणी त्यापुढे. रक्त घातलेल्या माध्यमावर जिवाणूंच्या ज्या कॉलनीभोवती (पुंजक्याभोवती) रक्तपेशी फुटून स्वच्छ वलय पडलं, ती बाद. व्हिब्रिओ पसरलेल्या प्लेटवर जिच्याभोवती व्हिब्रिओ न वाढता स्वच्छ वलय पडलं, ती पास. सगळ्यांतून तीन उरल्या. त्यांतली एक डीएनए तपासणीत बॅसिलस सबटिलिस निघाली. तिच्यावरच आमचं घर चालतं.

पहिल्याच हंगामात मोठी चूक झाली, आणि ती माझी होती. एका दादांना मी गूळ आणि कोंड्यात रात्रभर वाढवलेलं द्रावण संध्याकाळी तळ्यात सोडायला सांगितलं. रात्री दोनला फोन, "भाऊ, कोळंबी वर आलीय." वीज गेलेली, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद. रात्री पाण्यातला ऑक्सिजन तसाही उतरतो. त्यात गुळावर वाढणाऱ्या जिवाणूंनीही तो ओढला. जनरेटर घेऊन पोचेपर्यंत कडेला कोळंबीचा पांढरा थर लागला होता. दादा एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. पुढच्या हंगामाचं बियाणं आम्ही भरून दिलं.

तेव्हापासून पुडीवर ठळक छापतो : ऊन चढल्यावर, एरेटर चालू असताना सोडा. ब्लीचिंग केलं असेल तर क्लोरीन पूर्ण उतरल्याशिवाय टाकू नका, पैसे पाण्यात जातील. आणि पांढरे ठिपके आले असतील तर आमची पुडी घेऊ नका; तो विषाणू आहे, तिथे हिचं काम नाही. असं छापल्यावर विक्री बसेल असं विक्रेते म्हणाले. थोडी बसलीही.

प्रत्येक बॅचची एक पुडी आम्ही काढून ठेवतो. बायको सहा महिन्यांनी ती पुन्हा प्लेटवर लावते. ग्रॅमला १०० कोटींच्या खाली आकडा आला की तो माल परत मागवतो.

ते दादा आजही दर शनिवारी तळ्याच्या पाण्याची बाटली पाठवतात. प्लेटवर व्हिब्रिओच्या हिरव्या कॉलनी वाढलेल्या दिसल्या की मी आधी त्यांना खाद्य कमी करायला सांगतो, चेक ट्रे (खाद्य उरतं का ते बघायचा ट्रे) बघायला सांगतो. पुडीचं नंतर.