आई-वडील हयात असलेला मुलगा

गेली काही वर्षं मी मराठी मंडळींना घेऊन ग्रीसला जातो. तिथली गाईड इंग्रजीत सांगते, मी ते मराठीत सांगतो. ऑलिम्पियात झ्यूसच्या पडक्या देवळापाशी उभं राहिलं की एक गोष्ट मी न चुकता सांगतो. ख्रिस्तपूर्व 480 मध्ये ग्रीकांशी झालेल्या थर्मोपिलीच्या लढाईनंतर इराण्यांनी विचारलं, ग्रीक आत्ता काय करतायत? उत्तर आलं, ऑलिम्पिकचे खेळ भरलेत, शर्यती बघतायत. बक्षीस काय? ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. ते ऐकून एक इराणी सरदार हळहळला, की पैशांसाठी नव्हे, मोठेपणासाठी झुंजणाऱ्या माणसांशी लढायला आपल्याला कुठे आणलंत! ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलेली ही गोष्ट मंडळींना फार आवडते.

त्या दिवशी गाईडने त्यापुढे आणखी सांगितलं. देवळामागे एक रानऑलिव्हचं झाड होतं. मुकुटाच्या फांद्या त्याच्याच, आणि त्या सोन्याच्या विळ्याने एका मुलाने कापायच्या. अट एकच, त्याचे आई-वडील दोघंही हयात हवेत. मी भाषांतर केलं आणि वर म्हणालो, "आपल्याकडे ओटी भरायला सवाष्ण लागते ना, तसंच."

बोलून गेलो आणि समोर पाचवीतला तो मुलगा दिसला. आजी-आजोबांबरोबर आला होता. वडील आदल्या वर्षी गेले, हे मला बुकिंगच्या वेळीच कळलं होतं. खाली पडलेलं ऑलिव्हचं पान तो उलटंसुलटं करत होता, वरून हिरवं, खालून रुपेरी.

"काका, म्हणजे मला नसती कापू दिली?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण म्हणालो, "नसती." आजींनी त्याचा हात धरला.

विजयाच्या पानाला मरणाचा स्पर्शही नको, ही भावना मला नवीन नाही. बाबा गेल्यावर आमची आई शेजारच्या हळदीकुंकवाला दारातूनच परत फिरायची. मी तेव्हा त्या मुलाएवढाच होतो. तरीही सवाष्णीचा दाखला इतका सहज तोंडात आला, याची मला फार लाज वाटली.

दुपारी अथेन्सच्या वाटेवर नेमेआला थांबलो. ऑलिम्पियासारखे खेळ इथेही भरायचे. इथे मी गाईडला म्हटलं, आधी मी बोलतो.

नेमेआचा मुकुट ऑलिव्हचा नव्हे, रानसेलरीचा. कोथिंबिरीच्या कुळातली साधी हिरवी पानं. ओफेल्टेस नावाचं तान्हं राजबाळ होतं. चालायला लागेपर्यंत त्याला जमिनीवर ठेवू नका, असा कौल होता. पण थीब्ज नगरीवर चालून निघालेल्या सात वीरांना पाणी दाखवायला दाईने त्याला सेलरीच्या वाफ्यावर ठेवलं, आणि साप चावून ते गेलं. त्याच्या आठवणीत हे खेळ सुरू झाले, अशी तिथली कथा. ग्रीक लोक थडग्यांवर सेलरी वाहायचे. तीच पानं इथे जिंकणाऱ्याच्या डोक्यावर.

"आणि इथले पंच काळे कपडे घालायचे," मी म्हणालो.

"का?"

"त्या बाळाच्या सुतकात."

"दर वेळी?"

"दर वेळी. खेळ दर दोन वर्षांनी व्हायचे."

तो काही बोलला नाही. खेळाडू ज्या दगडी बोगद्यातून मैदानात उतरायचे, त्यात तो सगळ्यांच्या पुढे गेला. भिंतीवर त्या काळच्या खेळाडूंनी कोरलेली नावं आहेत, त्यावरून बोट फिरवत बराच वेळ रेंगाळला. बाहेर सुरुवातीच्या रेषेचे दगड अजून जागेवर आहेत, पायाची बोटं रोवायला त्यांत खाचा आहेत. त्याने बूट-मोजे काढले, खाचेत बोटं रोवली आणि कुणी काही म्हणायच्या आत सुटला.

परत आला तेव्हा धापा टाकत होता. "आजोबा, किती?"

आजोबा मनात आकडे मोजत होते. "एक्केचाळीस."

तो पुन्हा रेषेवर जाऊन उभा राहिला.