फायटर माद्यांचा एकत्र टँक: दहा आठवड्यांची नोंद

टँक ३६ बाय १२ बाय १५ इंच. तळाला २ इंच वाळू, त्यावर ११ इंच पाणी, वर २ इंच हवा आणि फट न ठेवता झाकण, कारण पाठलागात फायटर मासा (बेट्टा) उडी मारतो. प्रत्यक्ष पाणी साधारण ७८ लिटर. दोन्ही टोकांना एकेक स्पंज फिल्टर, हवा मंद. १०० वॅटचा हीटर २७ अंशांवर. माद्या ७, सगळ्या एकाच विणीच्या, वय चार महिने.

मासे सोडण्याआधी

अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्यावर स्थिर होईपर्यंत टँक माशांविना चालवला. माद्या तीन आठवडे वेगळ्या टबांत, एका टबात एकच. या काळात फिन रॉट (पर कुजणे), व्हेल्वेट (अंगावर सोनेरी धुळीसारखा थर आणणारा परजीवी) दिसले तर तिथेच दिसतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नर उघडा पडतो. आखूड शेपटीचा प्लाकाट जातीचा कोवळा नर हुबेहूब मादीसारखा दिसतो. पोटाखालचा पांढरा ठिपका एवढ्यावर भरवसा ठेवू नये, तो कोवळ्या नरातही कधीकधी दिसतो. टबासमोर आरसा धरला की कल्ल्यांखालची दाढी किती बाहेर येते ते पाहावे. मादीही फुगते, पण तिची दाढी जेमतेम दिसते. आठपैकी एक याच परीक्षेत बाद झाला, म्हणून सात.

लागवडीबद्दल जरा सविस्तर, कारण भांडणाचा निकाल इथेच लागतो. बहुतेक टँकमध्ये तळ भरगच्च आणि वरचा थर मोकळा असतो. फायटरसाठी नेमके उलटे हवे. हा मासा लॅबिरिंथ अवयवाने वरची हवा घेतो. मार खाणारी मादी तळाच्या लाकडाआड कितीही लपली तरी तिला श्वासासाठी वर यावेच लागते, आणि दांडगी तिथेच टपून बसते. म्हणून झाकायचा तो पृष्ठभाग: इथे पिस्टिया, मोकळा सोडलेला हॉर्नवर्ट आणि तरंगता वॉटर स्प्राइट या पाणवनस्पती मिळून साधारण ७० टक्के. मधे हॉर्नवर्टच्या दोन उभ्या भिंती, काचेपासून काचेपर्यंत. तपासणी सोपी आहे: टँकच्या एका टोकाला, पाण्याच्या पातळीखाली दोन इंचांवर डोळा लावायचा. समोरची काच दिसली तर झाडे कमी आहेत. देशी बदामाची वाळलेली तीन पाने धुऊन टाकली. पाण्याला हलका चहाचा रंग आला, नजर तेवढी कमी पोचते.

आठवडा १

दिवे बंद करून सातही माद्या एकाच संध्याकाळी सोडल्या, सर्वांत लहान आधी, सर्वांत दांडगी शेवटी. एकेक करून दिवसाआड सोडल्या तर आधीची प्रत्येक जण जागा धरून बसते आणि नवीनवर तुटून पडते. पहिले ४८ तास फुगणे, शेपटी झाडणे, दोन-तीन फुटांचा पाठलाग सतत चालू. हे चालू द्यावे, उतरंड अशीच ठरते. अंगावर आडवे काळे पट्टे म्हणजे ताण. उभे फिकट पट्टे म्हणजे विणीची तयारी, त्याला घाबरू नये. फिकट, पारदर्शक रंगाच्या माद्यांवर पट्टे दिसतच नाहीत, तिथे मिटलेले पर आणि भूक एवढेच पाहता येते.

आठवडा ३

निळी मादी बिघडली. तरंगत्या झाडांमधला, खाणे टाकण्याचा मोकळा चौक एकच होता, तो तिने बळकावला, आणि लाल क्राउनटेलच्या (काट्यांसारख्या टोकांच्या शेपटीची मादी) शेपटीचे तुकडे गेले. एअर ट्यूबच्या चार इंची तीन रिंगा तरंगत्या ठेवून तीन चौक केले आणि तिन्हींत एकाच वेळी पेलेट टाकायला सुरुवात केली, मादीमागे दोन-तीन, दिवसातून दोनदा. पाठलाग कमी झाला, चावे थांबले नाहीत.

मग निळीला ब्रीडर बॉक्समध्ये (टँकमध्येच टांगायची लहान पेटी) पाच दिवस. वेगळी काढायची ती मारणारी. मार खाणारीला काढले की तिच्या वरची मादी पुढचे गिऱ्हाईक होते. सोडण्याआधी लाकूड आणि दोन्ही भिंती हलवल्या, म्हणजे निळीची ओळखीची हद्दच उरली नाही. परतल्यावर ती तिसऱ्या क्रमांकावर. अपवाद फक्त जखमेचा: क्राउनटेल टबात, रोज निम्मे पाणी बदल, लिटरला एक ग्रॅम मीठ, आठ दिवस. मीठ टँकमध्ये टाकू नये, झाडे जळतात.

आठवडा ६

चूक छाटणीची. पिस्टियाने उजेड अडवून खालचा हॉर्नवर्ट सडू लागला, म्हणून वरचे निम्मे एकदम काढले. त्याच रात्री चार जणींच्या अंगावर आडवे पट्टे. झाडे परत टाकल्यावर दोन दिवसांत शांत. आता दर आठवड्याला एकाच टोकाची, एक तृतीयांशापेक्षा कमी छाटणी. दिवे सात तास.

आठवडा १०

सहा जणी निवांत, क्राउनटेल परतली पण कोपरा सोडत नाही. सलग तीन दिवस खाल्ले नाही तर तिची जागा कायमची वेगळी. नवीन मादी भरणार नाही. पाणी दर रविवारी २५ टक्के, नायट्रेट २० पीपीएमच्या आत. माद्या आता पूर्ण वयात येत आहेत, आणि महिनोन्‌महिने शांत असलेल्या टँकमध्ये याच सुमारास रातोरात भांडणे पेटतात. सात टब, त्यांच्यासाठी सात लहान स्पंज फिल्टर आणि दोन जादा हीटर तयार ठेवले आहेत. स्पंज टँकमध्येच बुडवून ठेवले आहेत, म्हणजे लागतील तेव्हा त्यांत अमोनिया पचवणारे जिवाणू असतील.