चार पट्ट्यांचा दिवस : मॉरिशसचा १२ मार्च

मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन १२ मार्चला असला, तरी माझ्यासाठी तो आदल्या दिवशीच, वाक्वा गावातील एका प्राथमिक शाळेच्या पटांगणात सुरू झाला. मी ज्यांच्या घरी उतरले होते त्या बाई त्याच शाळेत मराठी शिकवतात, म्हणून मला आत जाता आले. तांबडा, निळा, पिवळा आणि हिरवा अशा चार आडव्या पट्ट्यांचा ध्वज वर चढला, मुलांनी इंग्रजीतले राष्ट्रगीत म्हटले आणि पंतप्रधानांचा संदेश वाचून दाखवण्यात आला. त्यानंतर, मुले ज्याची वाट पाहत होती, ते केक आणि सरबताचे वाटप झाले. येथे केकला क्रिओल या फ्रेंचपासून घडलेल्या स्थानिक बोलीत ‘गातो’ म्हणतात. आपल्याकडे पंधरा ऑगस्टला शाळेत मिळणाऱ्या खाऊची आठवण जशी जन्मभर पुरते, तशीच येथील प्रत्येक पिढीकडे या गातोची आठवण आहे.

त्या दिवशी गावातून फिरताना गच्च्या, दुकानांच्या पाट्या आणि मोटारींचे आरसे चार रंगांनी सजलेले दिसले. तांबडा रंग स्वातंत्र्यासाठीच्या संघर्षाचा, निळा हिंदी महासागराचा, पिवळा स्वातंत्र्याच्या प्रकाशाचा आणि हिरवा शेतीचा, असा अर्थ बाईंच्या धाकट्या मुलाने मला न अडखळता सांगितला.

परंतु ही एकजूट या देशाला आयती मिळालेली नाही, आणि हे समजून घेतल्याशिवाय येथील उत्सव पाहण्यात अर्थ नाही असे मला वाटते. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली खरी, पण सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाकडे गेली होती. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होईल, ही भीती अनेक अल्पसंख्याकांच्या मनात होती. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुई शहरात दंगली उसळल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले, आणि सोहळ्यासाठी येणार असलेल्या ब्रिटिश राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला. अशा वातावरणात १२ मार्च १९६८ रोजी भर दुपारी शां द मार्स मैदानावर ब्रिटिश ध्वज उतरला आणि चार पट्ट्यांचा ध्वज चढला. सर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. गांधीजींची दांडीयात्रा १९३० साली याच तारखेला साबरमतीहून निघाली होती, आणि तिच्या स्मरणार्थच हा दिवस निवडला गेला असे येथे आवर्जून सांगितले जाते. पुढे १९९२ साली देश प्रजासत्ताक झाला तोही १२ मार्चलाच, त्यामुळे आपल्याकडचे दोन राष्ट्रीय सण येथे एकाच दिवसात सामावले आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्याच शां द मार्सवर गेलो. १८१२ पासून येथे घोड्यांच्या शर्यती होतात. एका बाजूला सिटाडेल किल्ला आणि मागे अंगठ्यासारखे वर आलेले ल पूस शिखर. मार्चमधली दमट हवा अंगाला चिकटत होती. या देशाला स्वतंत्र लष्कर नाही, म्हणून संचलन होते ते पोलीस दलाच्या तुकड्यांचे. ध्वज घेऊन हेलिकॉप्टर डोक्यावरून गेले तेव्हा शेजारच्या साडीतल्या आजी, त्यांच्या पलीकडचे मुस्लीम कुटुंब आणि पुढच्या ओळीतल्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, मुली एकदमच उठून उभ्या राहिल्या. सांस्कृतिक कार्यक्रमात सेगा नृत्यही होते आणि भोजपुरी गाणीही. सेगा हे मूळ गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी लोकांचे नृत्य. ज्यांच्या पूर्वजांना साखळ्यांत आणले आणि ज्यांच्या पूर्वजांना करारावर मजूर म्हणून आणले, ती दोघांची मुले त्याच ठेक्यावर नाचत होती, हे पाहून माझा गळा दाटून आला.

बाईंचे पूर्वजही असेच उसाच्या मळ्यांसाठी कोकणातून आलेले. घरी परतलो तेव्हा त्यांच्या सासूबाई जाग्या होत्या. १९६८ साली त्या नवविवाहित होत्या, आणि दंगलीच्या बातम्यांमुळे घरच्यांनी त्यांना पोर्ट लुईला जाऊ दिले नव्हते. ध्वज चढल्याचे वर्णन त्यांनी रेडिओवर ऐकले होते. मी समारंभाचे सांगू लागले, तेव्हा त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतले, आणि मग पेंगुळलेल्या नातवाला जवळ ओढून विचारले, “काल शाळेत गातो कुठला दिला रे बाबा? आणि माझ्यासाठी आणलास की नाही?” त्याने दप्तरातून कागदात गुंडाळलेला, थोडा चेपलेला तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.