लेबर रूममधील घड्याळ

तालुक्याच्या गावी वीस खाटांचे प्रसूतिगृह चालवताना माझ्या हाती पहिली वकिली नोटीस आली, तेव्हा त्या प्रसूतीला सतरा महिने होऊन गेले होते. बाळंतपणानंतर रुग्णाला अतिरक्तस्राव झाला होता, औषधांनी तो थांबेना म्हणून मी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले होते, आणि तेथे जीव वाचवण्यासाठी तिची गर्भपिशवी काढावी लागली होती. बाई वाचली याचे समाधान मी मनाशी बाळगून होते. नोटिशीत मात्र सगळा भर तीन प्रश्नांवर होता : रक्तस्राव किती वाजता लक्षात आला, डॉक्टर किती वाजता पोचल्या आणि पुढे पाठवण्याचा निर्णय किती वाजता झाला?

मी केसपेपर काढला. माझ्या अक्षरात एकच ओळ होती, ‘रक्तस्राव आटोक्यात येत नाही, पुढे पाठवत आहे’, आणि त्या ओळीपुढे वेळ नव्हती. वेळ होती ती सिस्टरच्या तक्त्यावर. पहाटे २.१० पासून दर पंधरा मिनिटांनी घेतलेली नाडी आणि रक्तदाब, दिलेले इंजेक्शन, मला केलेला फोन, नातेवाइकांच्या हाती दिलेली रक्ताची चिठ्ठी, सारे तिने ओळीने लिहून ठेवले होते. एका जागी रक्तदाबाचा आकडा चुकला होता, तो तिने एकच रेघ मारून, मूळ आकडा वाचता येईल असा खोडला होता आणि शेजारी सही केली होती. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत न जाता मिटले ते त्या एका तक्त्यामुळे, असे माझे आजही ठाम मत आहे.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. पण डॉक्टरची जबाबदारी त्याहून जुनी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तरुणाच्या मांडीचे हाड १९५३ मध्ये मोडले, पुण्यात उपचार चालू असताना तो दगावला, आणि त्या प्रकरणाचा १९६८ मध्ये निकाल देताना याच न्यायालयाने सांगितले की रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. पहिल्या बाबीकडे आपले फार दुर्लक्ष होते. रक्तपेढी दीड तासावर असताना कोणती बाळंतीण आपल्याकडे ठेवायची, हा निर्णय नवव्या महिन्यात शांतपणे घ्यायचा असतो. तो पहाटे तीन वाजेपर्यंत लांबला की निम्मा धोका आपणच ओढवून घेतलेला असतो.

संमतिपत्राबाबत मी स्वतः चुकले आहे. सुरुवातीची काही वर्षे दाखल होतानाच छापील कागदावर पतीची सही घेतली जात असे, आणि सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची सही घेणे कोणाला सुचतही नसे. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी वापरता येत नाही, हे २००८ च्या निकालाने पक्के केले. त्या प्रकरणात दुर्बिणीच्या तपासणीची संमती घेऊन रुग्णाची गर्भपिशवी आणि अंडाशय काढले गेले होते. आता मी संमतिपत्र मराठीत ठेवते, संभाव्य गुंतागुंत हाताने लिहिते आणि तिला ते स्वतःच्या शब्दांत मला परत सांगायला लावते. याला दहा मिनिटे लागतात, आणि ओपीडी खोळंबली तरी मी ती देते.

विम्याविषयी सहकाऱ्यांमध्ये जो गैरसमज आहे, त्याची मला खरी काळजी वाटते. डॉक्टरांच्या दायित्व विम्यात सहसा उपचाराच्या दिवशी पॉलिसी होती एवढ्याने भागत नाही, दावा येतो त्या दिवशीही ती चालू असावी लागते. नूतनीकरण चुकले की मागच्या वर्षांचे संरक्षणही जाऊ शकते, आणि निवृत्त होताना पॉलिसी बंद करणारे नेमके येथेच फसतात. नोटीस येताच कंपनीला कळवावे, परस्पर तडजोड करू नये. प्रसूतिगृहाची पॉलिसीही वेगळी घ्यावी लागते. फौजदारी दंड कोणतीच पॉलिसी भरत नाही. तसा गुन्हा ठरण्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, असे २००५ च्या निकालात म्हटले आहे.

दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावेत आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावेत, असा २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांचा दंडक आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असली, तरी सबळ कारण असल्यास आयोग विलंब माफ करतो, आणि बाळाच्या वाढीतील दोष तर पुष्कळ उशिरा उमगतात. म्हणून बाळंतपणाचे केसपेपर मी टाकतच नाही.

त्या नोटिशीचे उत्तर तयार करताना वकिलांनी विचारले होते की तक्त्यावरची वेळ कोणत्या घड्याळाची आहे. आम्ही जाऊन पाहिले, तर लेबर रूममधील घड्याळ वॉर्डातल्या घड्याळापेक्षा अकरा मिनिटे मागे होते. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ड्युटीवरची सिस्टर दोन्ही घड्याळे मोबाइलशी जुळवते आणि रजिस्टरमध्ये वेळ घालून सही करते.