इंजिनचा ईसीयू, गिअरबॉक्सचा टीसीयू आणि टॉर्कचा खरा आकडा

कोल्हापुरात गाडीचे ‘पिकअप वाढवून’ घेण्याची हौस नवी नाही. मात्र ती हाताने गिअर टाकायच्या गाड्यांपुरती होती तोवर ट्यूनिंग हे केवळ इंजिनचे काम मानले तरी फारसे बिघडत नव्हते. ऑटोमॅटिक गाड्या वाढल्यापासून तसे राहिलेले नाही. यांपैकी अनेक गाड्यांत इंजिनवर नियंत्रण ठेवणारा संगणक म्हणजे ईसीयू वेगळा आणि गिअरबॉक्सवर नियंत्रण ठेवणारा संगणक म्हणजे टीसीयू वेगळा असतो (काहींत दोन्ही कामे एकाच डब्यात असतात, त्यांचा विचार येथे केलेला नाही), आणि इंजिन किती जोर लावत आहे हे टीसीयूला ईसीयूच्या सांगण्यावरूनच कळते.

हा संवाद ‘कॅन’ या पद्धतीने चालतो. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जाहीर केली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवर एरवी सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना एकीवरचा दाब ३.५ पर्यंत चढतो आणि दुसरीवरचा १.५ पर्यंत उतरतो. बाहेरचा विद्युत उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होत असल्यामुळे त्यांच्यातील फरक शाबूत राहतो. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो आणि दोन संदेश एकाच वेळी निघाले तर लहान क्रमांकाचा पुढे जातो, मोठ्या क्रमांकाचा थांबून पुन्हा निघतो.

या तारांवरून इंजिनचे फेरे, पॅडलची स्थिती आणि तापमान जाते, पण ट्यूनिंगच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा एकच, तो म्हणजे टॉर्क, अर्थात इंजिनचा फिरवण्याचा जोर. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाच्या) गिअरबॉक्समध्ये क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबाने आवळल्या जातात आणि तो दाब किती ठेवायचा हे टीसीयू मुख्यतः ईसीयूने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. गिअर बदलताना उलट दिशेनेही निरोप जातो: टीसीयू क्षणभर टॉर्क कमी करण्याची मागणी करतो, पेट्रोल इंजिन त्यासाठी प्रामुख्याने ठिणगी उशिरा टाकते, डिझेल इंजिन इंधन घटवते, आणि चालकाला झटका जाणवत नाही.

मात्र ईसीयू हा टॉर्क मोजत नाही. बहुतेक गाड्यांत तसा सेन्सरच नसतो. आत गेलेली हवा, इंधन आणि ठिणगीची वेळ यांवरून तो आकडा हिशेबाने काढला जातो. ट्यूनिंगमधला घोळ इथूनच सुरू होतो. डिझेल गाड्यांना बाहेरून जोडायच्या ट्यूनिंग बॉक्सचा एक सर्रास आढळणारा प्रकार रेल प्रेशर सेन्सरच्या (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरीत बसतो आणि ईसीयूला प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतो. ईसीयू दाब वाढवतो, इंजेक्टरमधून जास्त डिझेल जाते, गाडी पळते. परंतु ईसीयूच्या हिशेबात डिझेल पूर्वीइतकेच असल्यामुळे टीसीयूला जुनाच टॉर्क कळवला जातो. आपल्या ऊसपट्ट्यात काटामारी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हा त्यातलाच प्रकार. गिअरबॉक्स कमी टॉर्कसाठी पुरेल एवढाच दाब ठेवतो आणि क्लचवर भार मात्र जास्त येतो, त्यामुळे चकत्या घसरू लागतात. काही काळ टीसीयूचे स्वतःहून जुळवून घेण्याचे गणित ही घसरण झाकून ठेवते, म्हणून ‘काही होत नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गगनबावड्याचा घाट भरल्या गाडीने चढताना तेल तापले, की ती झाकलेली घसरण उघडी पडू शकते.

बॉक्स न लावता ईसीयूची फाइल, म्हणजे त्यातले सॉफ्टवेअर, बदलणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. टॉर्कच्या मर्यादा ईसीयूत कितीही वाढवल्या तरी टीसीयू स्वतःची मर्यादा कॅनवरून पाठवू शकतो, आणि मग पैसे मोजूनही ठरावीक गिअरमध्ये जोर कापला जातो. कंपन्यासुद्धा इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच जुळवतात. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये वरच्या श्रेणीतील डिझेल इंजिन मॅन्युअलबरोबर ४२० आणि ऑटोमॅटिकबरोबर ४५० न्यूटन मीटर टॉर्क देते. मर्यादा चुकवण्यासाठी काही ट्यूनर टॉर्कच्या हिशेबाचे तक्तेच बदलून कळवला जाणारा आकडा खाली ठेवतात. माझ्या मते हे बॉक्सपेक्षाही वाईट आहे, कारण बॉक्स निदान काढून ठेवता येतो. योग्य मार्ग म्हणजे हिशेबाचे तक्ते खरे ठेवणे, आणि गिअरबॉक्सची यांत्रिक क्षमता शिल्लक असेल तरच टीसीयूच्या फाइलमध्ये मर्यादा व दाब वाढवणे. (गाडीत बदल करण्याविषयीचे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच; ते आधी वाचावे.)

फाइल चढवण्यापूर्वी वायरिंग तपासलेले बरे. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (दोष वाचणारे यंत्र जोडायच्या सॉकेटच्या) ६ व १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम मिळायला हवेत, कारण तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. १२० मिळाले तर एक टोक तुटलेले समजावे. दोषांच्या नोंदीत यू०१०० हा कोड असेल तर ईसीयूशी आणि यू०१०१ असेल तर टीसीयूशी संपर्क तुटलेला असतो. पी०७०० एवढेच दिसले तर मूळ तक्रार टीसीयूकडे आहे, त्यामुळे त्याच्या नोंदी वेगळ्या वाचाव्या लागतात.

काम झाल्यावर ट्यूनरकडे डायनोच्या (गाडीचा जोर मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदाबरोबर रस्त्यावरची लॉग फाइलही मागावी. तिच्यात कळवलेला टॉर्क, टीसीयूची मर्यादा, इंजिनचे फेरे आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडील चक्राचे) फेरे एकाच वेळी नोंदलेले असावेत. कन्व्हर्टर पूर्ण लॉक झालेला, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र फिरत असताना, चढावर पॅडल दाबल्यावर शेवटच्या दोन आकड्यांत अंतर पडू लागले, तर दाब अपुरा आहे असे समजून गाडी त्याच दिवशी मूळ फाइलवर परत न्यावी.