बे दुणे चार

अण्णांना स्ट्रोक येऊन दीड महिना झाला. पेला समोर धरला की डोळ्यांत ओळख दिसते, ओठ हलतात आणि बाहेर पडतं नुसतं 'ते... ते...'. मग स्वतःवरच चिडतात.

आज थेरपिस्ट ताई सहज म्हणाल्या, 'बे एके बे.' अण्णा सुरूच झाले! बे दुणे चार, बे त्रिक सहा... थेट बे दाहे वीसपर्यंत, न अडखळता. (तीस वर्षं किराणा दुकानात तोंडी हिशेब केलेत, म्हणा.) मला हसावं की रडावं कळेना.

ताई म्हणाल्या, घोकलेलं आपसूक येतं; नवं वाक्य जुळवायला मात्र बहुतेकांना मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग लागतो. अण्णांना मार तिथेच बसलाय. १८६१ साली पॅरिसमध्ये डॉ. ब्रोकांचा एक रुग्ण फक्त 'तां' एवढंच बोलायचा, समजायचं मात्र बरंच. तो गेल्यावर मेंदू तपासला, तेव्हा इजा तिथेच दिसली.

घरी आईने विचारलं, 'काय हवंय?' मधेच शब्द सुचवायचा नाही, असं ताईंनी बजावलंय. आई पदर चुरगाळत गप्प उभी.

'पा...'

बराच वेळ गेला.

'...णी.'

तिने पेला दोनदा भरला.